रिंग बसली का?

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेकीचं रोजचं काय ते लिहून ठेवा. काय जमलं, काय अडलं, कुठं गाडी रुतली. मी म्हटलं, "बाई, मी पंप दुरुस्त करणारा माणूस. लिहिणं म्हणजे आमच्याकडे डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या." त्या म्हणाल्या, "मग चिठ्ठ्या लिहा, पण रोज लिहा." रोज जमेल असं वाटत नाही, पण सुरुवात करतो.

ठकी. कागदावरचं नाव वेगळं, घरात ठकीच. वय पंचवीस. इमारतींचे नकाशे काढायचं शिकत होती. हात असा, की पट्टी न लावता सरळ रेघ. शेवटच्या वर्षाला तिला आवाज ऐकू यायला लागले. दोन बाप्ये आणि एक बाई. ती काय करते त्यावर दिवसभर शेरेबाजी. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, नव्या कंपनीच्या पंपाचं नाव असावं. हसण्याची गोष्ट नाही, पण तेव्हा हसलो नसतो तर खालीच बसलो असतो.

गोळ्यांनी आवाज गेले. वर्ष झालं. आता ती शांत आहे, पण काम हातात घेते आणि मधेच थांबते. कुकरची शिट्टी काढायला उठते आणि शिट्टीपाशी जाऊन नुसती उभी राहते. तिची आई म्हणते, घरात बसून मुलगी गंजेल. म्हणून आजपासून मी तिला कारखान्यात नेतोय. माझ्याशेजारचं टेबल तिचं.

एक मोठा बदल केला. आमच्या कारखान्याची जुनी रीत आहे. जो काही बसवेल त्यानं मोठ्यानं विचारायचं, "सील?" जवळ असेल त्यानं डोळ्यांनी बघून ओरडायचं, "बसलं!" "बेअरिंग?" "बसलं!" "रिंग?" "बसली!" दिवसभर असा लिलाव चालतो. कारखाना काढला त्या दिवशी ही रीत मी घातली. का घातली ते आता आठवत नाही. दुसरीकडे कुठं असं करत नाहीत, आणि लोक आम्हाला हसतात.

तर मी विचार केला, पोरीच्या डोक्यातले आवाज कसेबसे गेलेत आणि इथं चार माणसं दिवसभर बोंबलणार. बाहेरचा आवाज कुठला, आतला कुठला, तिला कळायचं कसं? म्हणून आजपासून ओरडणं बंद. खुणेनं बोलायचं. फारच नड असेल तर कानाशी जाऊन. बापाचं डोकं असं चालतं.

शनिवार, ९ मार्च

सगळ्यात हाल भोंग्याचे. हा माझा पहिला कारागीर. कारखान्याला टाळं नव्हतं तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. आवाज असा, की फोन करायचा तर फोनची गरज नाही. तो आता कुजबुजतो, म्हणजे फुटक्या भात्यासारखी वाफ सोडतो. कानाशी आला की निम्मा चहा माझ्या खांद्यावर.

मला म्हणाला, "मालक, हे किती दिवस?"

"सवय होईस्तोवर."

"मला की पोरीला?"

काल एक गिऱ्हाईक दारातच थबकलं. आत सगळे मुके, मान खाली. चपला काढून हळूच विचारतं, "कोण गेलं?" भोंग्यानं वर बोट दाखवलं. त्याला पंखा लावायला सांगायचा होता. गिऱ्हाईक हात जोडून परत गेलं.

ठकीचं म्हणाल तर तिनं आज दोन बेअरिंगं धुऊन, पुसून, ग्रीस भरून ठेवली. नीट होती. मी मोठ्या पान्ह्याचं टोक बेअरिंगच्या घराला लावलं, दांडा कानाला, आणि फिरवून ऐकलं. मांजर झोपेत घुरघुरतं तसा आवाज. माझे कान आजवर फसलेले नाहीत.

माझं मात्र या शांततेत अंग मोडून येतंय. आज ठकीच्या टेबलावर पान्हा आणायला गेलो. माझ्या हातात काहीतरी होतं, ते ठेवून पान्हा घेतला, आणि जागेवर आलो तर पंप समोर आणि मी त्याच्याकडे बघतोय. काय करत होतो, कुठपर्यंत आलो होतो, काही पत्ता नाही. वय झालं. मग झाकण आवळून मोकळा झालो.

घरी येताना हिनं साबण आणायला सांगितला होता. मेणबत्त्या घेऊन आलो. ही म्हणाली, "अहो, एरवी रस्ताभर 'साबण साबण' पुटपुटत जाता, लोक बघतात म्हणून मीच लाजते. आज का नाही पुटपुटलात?" म्हटलं, शिस्त लावून घेतोय.

आणखी एक लिहायचं होतं. निसटलं.

गुरुवार, १४ मार्च

ठकी अडली. पंप उघडून धुवायचा, मग सील बदलायचं, एवढंच सांगितलं होतं. तिनं उघडला. धुतला. मग फडका हातात घेऊन उभी. मी वाट पाहिली. शेवटी खूण केली, सील. तिनं मान हलवली आणि पुन्हा पंप धुवायला घेतला.

मी रागावलो नाही. फक्त म्हटलं, "ठके, लक्ष कुठंय?"

"इथंच आहे, बाबा. पण टिकत नाही. ओल्या हातातून साबण जातो तसं."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "भोंगाकाका आजारी आहेत का? बोलत नाहीत."

"नवी शिस्त आहे."

"अच्छा." आणि ती कितीतरी वेळ भोंग्याच्या ओठांकडे बघत होती.

मंगळवार, १९ मार्च

आज अक्षर लागलं तर लागलं.

चौकातल्या उंच इमारतीच्या तळघरात आपण दुरुस्त करून दिलेला पंप सकाळी जळला. तळघरात पाणी चढलं. राखणदाराची खोली तिथंच. म्हातारा खाटेवर उभा राहून ओरडत होता. विजेचा बोर्ड पाण्यापासून वीतभर वर राहिला, म्हणून आज मी घरी बसून लिहितोय.

पंप आणून उघडला. मोटारीत पाणी. झाकणाखालची रबरी रिंगच नाही. रुपयाच्या नाण्याएवढी जाड कड, बोटानं उचलायची, खाचेत बसवायची. ती नसली की पाणी सरळ आत. इतक्या वर्षांत आमच्या हातून रिंग राहिलेली नाही. एकदाही नाही. भोंगा खाचेकडे बघत राहिला, तोंडातून शब्द नाही. आणि या वेळी मी मनाई केली म्हणून नव्हे.

मग रिंग सापडली. ठकीच्या टेबलावर, तिच्या ट्रेमध्ये, फडक्याखाली.

सगळ्यांसमोर बोललो नाही. बाजूला घेतलं. "ठके, ही रिंग तुझ्याकडे होती."

ती रिंगकडे बघत राहिली. नंतर माझ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं.

"तू विसरलीस?"

"असेल, बाबा."

तेवढंच. रडली नाही, चिडली नाही. मला वाटतं त्याचाच जास्त धक्का बसला. माझी पोर. पट्टीशिवाय रेघ काढणारी.

गुरुवार, २१ मार्च

ठकीला दोन दिवस घरी ठेवलंय. गावाबाहेर एक केंद्र आहे, तिथं अशी मुलं राहतात, टोपल्या विणतात. चौकशी केली. एक जागा महिनाअखेरीला रिकामी होतेय. हो म्हटलं तर तिची.

हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"कारखाना चालवता का कोर्ट? ती चुकली हे कुणी पाहिलं?"

"रिंग पाहिली."

"रिंगेला तोंड आहे?"

"अगं, माणूस मेला असता!"

"म्हणून पोरीला घालवायची?"

"घालवत नाहीये. सांभाळायला देतोय."

"तेच ते." पुन्हा सुरी घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "साबण अजून आलेला नाही."

दाराआड ठकी उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. माझे कान तिलाच मिळालेत.

मंगळवार, २६ मार्च

दवाखाना. ठकी, मी, ही. मी डॉक्टरीणबाईंना रिंगेचं सांगितलं. म्हटलं, आवाज गेले, झोप लागते, गोळ्या वेळेवर, मग डोकं का चालत नाही? गोळ्या वाढवा.

त्या म्हणाल्या, "वाढवून हे सुधारणार नाही. कदाचित आणखी मंदावेल." आणि टेबलावरचा कागद पुढं ओढून त्यावर डोक्याचं चित्र काढलं. मी समजलं तसं लिहितो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. एका निरोपाचं नाव डोपामिन. तो ऐकायला पेशींना कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. पण सगळे कान एका जातीचे नाहीत. मेंदूच्या खोल भागात या आजारात निरोपांचा भडिमार होतो आणि तिथं डी-टू जातीचे कान पुष्कळ. मग नको ते महत्त्वाचं वाटतं, नसलेलं ऐकू येतं. आपल्या गोळ्या त्या डी-टू कानांत बोळे घालतात. आवाज थांबतात.

"आणि कपाळामागं?" मी विचारलं, कारण त्यांनी तिथं वेगळा गोल काढला होता.

"तिथं उलटं असावं असं आम्ही मानतो. तिथं डी-वन जातीचे कान जास्त कामाचे, आणि निरोपच कमी पोचतो. हातातलं काम पुरं होईपर्यंत मनात धरून ठेवायचं, ते तिथलं काम. निरोप कमी आला तरी पकड सुटते, फार आला तरी सुटते. बोळ्यांनी तिथली पकड येत नाही. त्यासाठी खात्रीची गोळी अजून कुणाकडे नाही. सगळं कोडं सुटलंय असंही नाही."

म्हणजे एकाच घरात तळमजल्यावर नळ फुटलेला आणि गच्चीवर थेंब नाही. आपण तळमजल्याचा कॉक आवळला. गच्ची कोरडीच. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे मी उद्यापासून वापरणार."

ठकीनं विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही."

ठकीनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

निघताना बाई म्हणाल्या, आमचा एक अभ्यास चाललाय, पेशंटबरोबर घरच्या रक्ताच्या माणसांच्याही चाचण्या घेतो, बसाल का? मी म्हटलं, बसतो की. पोरीला धीर येईल. मनात म्हटलं, बघू दे तिला, बाप कसा करतो.

चाचणी घेणारी मुलगी ठकीएवढीच. पहिले प्रकार सोपे. आवाजातला फरक ओळखा, शब्दांचे अर्थ सांगा. मी जोरात. मग ती अक्षरं आणि आकडे सरमिसळ करून वाचणार आणि मी ते वेगळे करून क्रमानं सांगायचे. ती वाचत असताना मी तिच्यामागून म्हणायला लागलो.

"काका, मोठ्यानं नाही. मनातल्या मनात."

"मनातच म्हणतोय."

"ओठ हलतायत, काका."

ओठ मिटले. आणि डोकं पाटीसारखं कोरं. तिनं वाचलेलं पहिलं अक्षर कुठलं, तेही नाही. पुढं पडद्यावर चित्रं आली, मघाचं चित्र पुन्हा दिसलं तर बटण दाबायचं. मी वाटेल तेव्हा दाबत होतो. ती मुलगी चांगली, काही बोलली नाही. फक्त पाणी दिलं.

उकाडा होता, आणि चष्मा घरी राहिला होता.

गुरुवार, २८ मार्च

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

केंद्राला हो सांगण्याआधी डॉक्टरीणबाईंची सही हवी होती म्हणून एकटाच गेलो. बोलता बोलता म्हटलं, ठकीच्या चाचणीचं काय? त्यांनी सांगितलं. आवाज ओळखणं उत्तम, शब्द उत्तम, मनात धरून ठेवणं कमी. मी म्हटलं, आणि माझं? त्या म्हणाल्या, ते अभ्यासासाठी असतं, एकेकट्याला सांगण्यात अर्थ नसतो. मी हटून बसलो. म्हटलं, गिऱ्हाइकाला मीटर दाखवल्याशिवाय मी पंप देत नाही.

त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

मी म्हटलं, "बाई, कागद बदललेत."

"नाही बदलले."

"हा तिचा आहे."

"तो तुमचा आहे. हा तिचा. धरून ठेवण्यात तुम्ही दोघं जवळपास सारखे."

मला पंख्याचा आवाज येत होता. बेअरिंग गेलंय त्या पंख्याचं. एवढंच कळत होतं.

"म्हणजे मलापण...?"

"नाही, अजिबात नाही. तुम्हाला आजार नाही. पण रक्ताच्या नात्यात ही एक बाजू थोडी कच्ची असलेली आम्हाला पुष्कळदा दिसते. एका चाचणीवरून मी काही ठरवणार नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला प्रश्न वेगळाच पडलाय. एवढी कमी पकड असताना तुम्ही इतकी वर्षं एवढा गुंतागुंतीचा कारखाना चालवलात कसा? एक पंप चुकला नाही म्हणता. काय करता तुम्ही?"

काय करतो मी? काही नाही. ओरडतो.

तोंडातून ते बाहेर पडलं आणि मला माझंच ऐकू आलं. सील? बसलं. रिंग? बसली. शाळेत मास्तर मला गळकं मडकं म्हणायचे. मडकं गळतं म्हणून मी सगळं डोक्याबाहेर, हवेत टांगून ठेवलं होतं, चार माणसांच्या तोंडी. आणि चोवीस दिवसांपूर्वी मीच माझ्या हातानं ते उतरवलं.

सही न घेता आलो. जिना उतरताना आठवलं. पान्हा. ठकीच्या टेबलावरचा पान्हा. त्या दिवशी माझ्या हातात काय होतं?

शुक्रवार, २९ मार्च

ठकीला कारखान्यात नेलं. सगळे यायच्या आधी. तिच्या टेबलाशी बसवलं आणि विचारलं.

"ठके, ती रिंग मी ठेवली का गं इथं?"

तिनं मान वर केली नाही. ट्रेमधली नटं एका ओळीत लावत होती.

"तुम्ही पान्हा न्यायला आलात. रिंग ठेवलीत. पान्हा नेलात. मग झाकण आवळलंत."

"तू पाहिलंस?"

"हो."

"अगं, मग बोलली का नाहीस? तेव्हा नाही तर नाही, त्या दिवशी तरी, मी तुझ्यावर..."

"मला वाटलं मलाच दिसलं." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. "बाबा चुकत नाहीत. मग चुकीचं दिसणारं कोण? मीच. आधीही मला नसलेलं ऐकू यायचंच ना? आवाज गेले म्हणजे डोळे खरे झाले, असं कुणी सांगितलं?"

मी जवळचं स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

"लहानपणी मी इथं येऊन बसायचे तेव्हा सगळे ओरडायचे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तसंच असेल. ते आतले आवाज होते ना, ते कधी उत्तराला थांबायचे नाहीत. एकदा बोलायला लागले की बोलतच. इथं कसं, कुणीतरी विचारणार, कुणीतरी बघून सांगणार. म्हणून मला यायचं होतं. भोंगाकाकांनी 'रिंग?' म्हटलं असतं ना, तर मला कळलं असतं की मी बघतेय ते खरंय. पण इथं सगळे गप्पच. मला वाटलं, माझ्यामुळे."

तिच्यामुळेच. तेच तर भयंकर आहे. तिच्यासाठी म्हणून मी तिचा एकमेव आधार काढून घेतला, आणि माझाही, आणि वर तिलाच टोपल्या विणायला धाडत होतो. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. मी सगळ्या जगाचे पंप कान लावून ऐकले.

भोंगा आला. मी त्याला म्हटलं, "ओरड."

"काय ओरडू?"

"वाटेल ते!"

तो असा काही ओरडला की समोरच्या दुकानदाराच्या हातचं कुलूप पडलं. ठकी दचकली, आणि मग हसली. तिच्या आईनं बघायला हवं होतं.

चौकातल्या इमारतीत जाऊन राखणदाराला सांगितलं, चूक माझी होती, मुलीची नव्हती. म्हातारा म्हणाला, "मला काय, कुणाचीही असो, खाट ओलीच होती." नवी खाट पोचवली. केंद्रालाही फोन केला, जागा नको.

सोमवार, ८ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. काम होतं.

लिहिण्यासारखं सगळंच चांगलं नाही. ठकी परवा दोनदा अडली. बुधवारी तर दुपारनंतर काही जमलंच नाही, घरी नेली. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच चढउतार राहील, तिचा आवाका बघून काम द्या. भोंगा तिला काम एकेक तुकड्यानं देतो, आणि तुकडा झाला की ती ओरडते. पहिल्यांदा एवढं बारीक ओरडली की भोंगा म्हणाला, "पोरी, हे ओरडणं की शिंक?" आता शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.

मी अजून घाबरतो. आयुष्यभर ज्या हातांची खात्री होती, ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे बघतो. चेष्टा करतो, लोकांना कळत नाही. हिला कळतं. सकाळी जाताना माझ्यामागं दारापर्यंत येते आणि म्हणते, "साबण." मी म्हणतो, "साबण." ती म्हणते, "मोठ्यानं."

आज तळघराचाच पंप पुन्हा बांधायला घेतला. नवी मोटार भरून. मुद्दाम मीच. सगळे हातातलं सोडून बघत होते, त्यामुळे आणखी घाम.

"बेअरिंग?"

"बसलं!" भोंगा.

"सील?"

"बसलं!"

दारात गिऱ्हाईक आलं, तेच, चपला काढणारं. मी मान वळवून त्याला म्हटलं, या, या, कुणी गेलेलं नाही. सगळे हसले. मी झाकण उचललं, खाचेवर ठेवलं, बोल्ट हातात घेतला.

"रिंग?" मी ओरडलो.

भोंग्यानं तोंड उघडलं होतं. सवयीनं तो "बसली" म्हणणार होता, मी त्याच्या ओठांवरून सांगतो.

"थांबा!" ठकी ओरडली. उठून उभी. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर माझ्या हातावर. "नाही बसली, बाबा. तुमच्या डाव्या हातात आहे."

मी डावी मूठ उघडली.